डाग

शुक्रवारी रात्री आमच्या तळघरात
टेबलाभोवती सहा माणसं, सातवी जिन्यावर,
आणि हीटरची घरघर.
बाहेर ईरी सरोवरावरून आलेला बर्फ
खिडकीच्या निम्म्यावर चढलेला.

बर्नार्डकाका पाकीट फोडताना श्वास रोखतो,
जणू आत चिमणीचं पिल्लू आहे.
रोझालिया सरळ दातांनी फाडते.
शेजारचा डेझमंड आधी पाकीट कानाशी हलवतो.
जाड कार्ड वेगळं वाजतं, असं त्याचं म्हणणं,
आणि गेल्या अकरा वर्षांत
ते एकदाच खरं ठरलंय.

बेसबॉलची कार्डं. बहुतेक साधीच,
टोपीखाली किलकिले डोळे, मागे आकड्यांची मुंग्यांची रांग.
पण मधेच कधी एक सही निघते,
निळ्या शाईतली,
पहिलं अक्षर ऐटीत, आणि उरलेलं नाव
उतारावर सोडून दिलेल्या सायकलसारखं.
आणि कधी एक जाडजूड कार्ड,
पोटात चौकोनी खिडकी,
खिडकीत नखाएवढं कापड:
कुणीतरी मैदानात घातलेल्या सदऱ्यातलं.

त्या तुकड्यांतही उच्चनीच असतं.
कोरा पांढरा, ठीक.
शिवण आली तर बरं.
पट्टा आला, दोन रंग आले, तर टेबलावर थाप.
आणि डाग आला
तर सगळे उभे राहतात.

त्या रात्री डाग मला आला.
अर्ल व्होसबर्ग, डावखुरा पिचर,
पट्ट्याच्या कडेला तपकिरी ठिपका, मोहरीएवढा.
डेझमंडनं तिथल्या तिथे दोन सह्या पुढे सरकवल्या,
वर महिनाभर आमच्या दारातला बर्फ काढायची हमी.

ब्रोन्या आत्या जिन्याच्या पायरीवर,
मांडीवर पिएरोगीची परात.
तिला खेळातलं फारसं कळायचं नाही.
सव्वीस वर्षं तिनं इथल्या संघाचे कपडे धुतले,
स्टेडियमच्या पोटातल्या खोलीत,
जिथे मॅच म्हणजे डोक्यावरून धावणारे पाय.
कोण जिंकलं ते तिला टोपलीत कळायचं:
हरलेले सदरे बोळे होऊन यायचे,
जिंकलेले बिअरचा वास घेऊन.

"बघू," म्हणाली.
एप्रनला हात पुसले,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
कार्ड दिव्याखाली धरलं
आणि वरच्या प्लास्टिकवरून अंगठ्याचं नख
सवयीनं एकदा फिरवलं.

"माती नाही ही. तंबाखू.
थंड पाणी, व्हिनेगर, आणि घाई करायची नाही.
गरम लावलंत की बसलाच कायमचा."

मग थोड्या वेळानं, परातीकडे बघत:
"एक डाग राहिला तर मुकादम पगार कापायचा.
आणि तुम्ही त्याचेच पैसे मोजता होय?"

काका हसला. मग सगळेच.
ती सगळ्यांत उशिरा, आणि सगळ्यांत जास्त.

कार्ड मी दिलं नाही. त्या दोन सह्यांतली एक
पुढे बरीच महाग झाली, डेझमंड अजून ऐकवतो.
बर्फही मीच काढला.

आत्या गेली ती मोसम सुरू व्हायच्या आठवड्यात.
घर आवरताना वॉशिंग मशीनमागच्या खिळ्यावर
तिचा एप्रन सापडला. खिशात दोन चिमटे,
एक सुटं बटण,
आणि कडेला बीटाच्या सूपचा गुलाबी ओघळ.
तिला दिसला नसेल.
किंवा दिसून तिनं सोडून दिला असेल.

रोझालिया म्हणाली, आपण सहा जण,
सहा चौकोन सहज निघतील.
काकानं कात्री आणली, शिंप्याची, जड.
मी कापड ताणून धरलं.
कात्रीनं तोंड उघडलं,
तेवढ्यात डेझमंड मागून म्हणाला,
"पण डाग कुणाच्या वाट्याला?"

कात्री तशीच उघडी राहिली.
कुणीतरी नाक ओढलं, कुणीतरी फिस्सकन हसलं,
बहुधा एकच माणूस असेल.

घर विकलं तेव्हा खिळाही उपटून आणला.
आता एप्रन आमच्या तळघरात, जिन्यापाशी.
पाकीट फोडण्याआधी जो तो
त्याला हात पुसतो.
मळतो.
मळू देतो.